संघर्षने करून दिलेली ओळख

राघो मीरा रोडला आला तो लेकीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन, आणि आल्या दिवसापासून केरबाला आपल्याच घरात अवघडल्यासारखं झालं. सख्खा धाकटा भाऊ. कधी नव्हे तो परभणीकडून एवढ्या लांब आलेला. त्याच्याजवळ बसावं, जुन्या गोष्टी काढाव्यात, हे सोडून केरबा सारखा उठून दार लावत होता. राघोचा आवाज मोठा. सगळी उमर मोर्च्यांत आणि सभांत गेलेली. लिफ्टमध्ये शिरला की आत उभ्या असलेल्या माणसाला, मग तो कुणीही असो, तो खणखणीत 'जयभीम' घालायचा आणि केरबा लिफ्टच्या बटणांकडे बघत राहायचा.

"भाऊजी," शेवटी वैजयंताने चहा देता देता विषय काढला, "इथं लोक नमस्कारच करतात."

राघोने बशीत फुंकर मारली. "बरं," म्हणाला.

तेवढंच. पण त्यानंतर तो लिफ्टने गेलाच नाही, जिन्यानेच ये-जा करू लागला. केरबाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

या शांतिदीप सोसायटीत केरबा हा केरबा वडगावकर होता. गावात त्याला वाव्हळे म्हणूनच ओळखत. नामांतराच्या दंगलीत वस्ती पेटवली तेव्हा वाव्हळ्यांचं घरही गेलं. राघो त्या राखेवरच पत्रे टाकून राहिला. केरबा तेव्हा मुंबईत टपाल खात्यात लागलेला. तो सुट्टी काढून गेला, जळलेली जागा बघितली आणि सुट्टी संपायच्या आत परत आला. त्याच साली त्याला मुलगा झाला आणि राघोने निरोप धाडला, पोराचं नाव संघर्ष ठेवा. नाव ठेवलं. आडनाव मात्र पुढे केरबानेच बदललं, इकडे घर बघताना. दोनदा एजंटने सगळं पक्कं केलं, आडनाव विचारलं आणि मग फोन उचलणंच बंद केलं. त्यानंतर केरबाने गॅझेटात रीतसर बदल करून गावाचं नाव लावून घेतलं. 'वडगावकर' ऐकून समोरच्याला काही कळत नाही, एवढीच त्या आडनावाची कमाई. बाबासाहेबांची तसबीर हॉलमधून आतल्या खोलीत गेली ती तेव्हाच.

शनिवारी दुपारी घरात टीव्ही लागला होता. तो मे महिना सगळा मेडिकलवाल्यांच्या संपाच्या बातम्यांत चालला होता. पांढरे कोट घातलेली पोरं-पोरी दिल्लीच्या रस्त्यावर झाडू मारत होती, कुणी बूटपॉलिशचा ब्रश घेऊन बसला होता. केरबाची धाकटी लेक पंचशीला जेवणाचं ताट मांडीवर घेऊन बघत होती. ती मुंबईत मेडिकलला होती, हॉस्टेलवर राहायची. कॉलेजात संप म्हणून घरी आली होती, आणि आल्यापासून फार बोलत नव्हती.

"हे झाडू काहून मारायलेत?" राघोने विचारलं.

"निषेध, काका. रिझर्वेशन वाढवलं तर आम्हाला हीच कामं करावी लागतील, असं दाखवतायत."

राघोने पडद्यावरच्या झाडूकडे बोट केलं. मग म्हणाला, "मग आपल्या माईनं, तुझ्या आजीनं, जन्मभर निषेधच केला म्हणायचा. मोंढ्याच्या बाजारात झाडू मारून, रोज पहाटे."

पंचशीला हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "माझ्या वर्गातल्या मुली माझ्याशी बोलत नाहीत काका. लॅबमध्ये शेजारी कुणी उभं राहत नाही. सगळ्यांना माहितीये मी कुठल्या सीटवर आले."

"अगं, तू कशाला सांगतेस सगळ्यांना?" वैजयंता स्वयंपाकघरातून म्हणाली. "दादासारखं राहायचं. त्याला ऑफिसात कुणी विचारतं का?"

तेवढ्यात संघर्ष आतून आला. नवा शर्ट, केस ओले. मालाडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि आज संध्याकाळी त्याचं सोसायटीत भाषण होतं. सेक्रेटरीच्या निवडणुकीला तो उभा होता. त्याला उभं केलं होतं चेअरमन गुणवंतभाईंनी. गुणवंतभाई एका पक्षात होते, पुढच्या वर्षीच्या महापालिका निवडणुकीत तिकिटाच्या खटपटीत होते, आणि संघर्षला त्यांनी सांगितलं होतं की शिकलेला मराठी तरुण मुलगा आमच्याकडे कुणी नाही.

त्याने टीव्ही बंद केला. "काका, तुम्ही आराम करा. खाली हिंदीतच चालेल सगळं, तुम्हाला कंटाळा येईल."

"मला हिंदी कळते की," राघो म्हणाला. "माझा पुतण्या बोलणार आणि म्या वर झोपू?"

संघर्षने बापाकडे पाहिलं. केरबाला त्या नजरेचा अर्थ कळला. भावाला थांब म्हणायचं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण राघोने तोवर पिशवीतून धुतलेला सदरा काढला होता.

खाली पार्किंगमध्ये गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. गुणवंतभाईंची बायको हंसाबेन सगळ्यांना ताक देत फिरत होती. केरबा मागच्या रांगेत बसला, एका बाजूला राघो, दुसऱ्या बाजूला पंचशीला. वैजयंता पुढे बायकांत. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने सहज विचारलं, "मेहमान?" तर केरबा म्हणाला, "हां, गांव से हैं." भाऊ म्हणाला नाही. राघोने ऐकलं असणार, कारण त्याने मान दुसरीकडे वळवली.

आधी दुसरा उमेदवार बोलला, ए-विंगमधला जितेंद्र. त्याने टँकरचं पाणी, गळकी टाकी आणि रात्री गेट उघडं टाकणारा वॉचमन एवढ्यावर आटपलं. मग संघर्ष उभा राहिला.

"नमस्ते. मैं संघर्ष वडगावकर, बी-विंग. दोस्त लोग सनी बोलते हैं."

लोक हसले. तो छान बोलत होता. पाणी झालं, पार्किंग झालं, गणपतीची वर्गणी झाली. केरबाच्या छातीत नाही म्हटलं तरी अभिमान दाटून आला. मग गुणवंतभाई खुर्चीतूनच म्हणाले, "अरे भाई, ये तो सब ठीक है. सेक्रेटरी पढ़ा-लिखा चाहिए तो उसके विचार भी मालूम पड़ने चाहिए. ये टीवी पे जो चालू है, रिज़र्वेशन का, उस पे आज का यूथ क्या बोलता है? जितेंद्र, पहले तू बोल."

"वो सोसायटी का मैटर नहीं है," जितेंद्र म्हणाला. "मैं टंकी का बोला, बस."

"सनी?"

 केरबाला वाटलं, पोरगा विषय टाळेल. टाळता येत होता. जितेंद्रने टाळलाच होता.

"मैं मेरिट में मानता हूँ," संघर्ष म्हणाला. "जात देख के सीट देना बंद होना चाहिए. जिसको आगे जाना है वो मेहनत करे. मेरे पप्पा गांव से खाली हाथ आए. पोस्ट में लगे, अपने दम पे. हमको पढ़ाया, अपने दम पे. हमारे घर में किसी ने कभी कुबड़ी नहीं ली."

टाळ्या पडल्या. चांगल्या कडाडून पडल्या. गुणवंतभाई उठून उभे राहिले आणि मागे वळून म्हणाले, "ऐसे बाप के लिए भी तालियाँ!" सगळ्या माना केरबाकडे वळल्या. माणसं हसून, कौतुकाने त्याच्याकडे बघत टाळ्या वाजवत होती.

केरबाची टपालातली जागा राखीव होती. संघर्षची इंजिनिअरिंगची सीट राखीव होती. त्यासाठी जातीचा दाखला काढायला केरबा याच पोराला घेऊन तालुक्याला गेला होता आणि कचेरीत ओळख द्यायला राघो आला होता, कामावरचा दिवस बुडवून. हे सगळं केरबाला त्या घटकेला आठवत होतं. आणि त्याचे हात टाळ्या वाजवत होते.

राघो उठला. "पाय आखडला," एवढं म्हणाला आणि जिन्याकडे गेला. पंचशीला खुर्ची मागे ढकलून त्याच्या मागोमाग गेली. खुर्ची पडली. केरबाने ती उचलून नीट ठेवली आणि सभा संपेपर्यंत तिथेच बसून राहिला.

वर आला तेव्हा राघोची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

"काशीगावात आपला बबन हाय," राघो म्हणाला. बबन त्यांच्या मावशीचा मुलगा. "आज त्याच्याकडं मुक्काम करतो. उद्या संध्याकाळची गाडी तिथूनच, हायवेवरून सुटती."

"भाऊजी, जेवण तरी करा," वैजयंता म्हणाली.

"भूक न्हाई वहिनी."

"काका, तुम्ही समजून घ्या ना," संघर्षने सुरुवात केली. "तिथे दुसरं काय बोलणार होतो मी? समोर कोण बसलंय ते बघून बोलावं लागतं."

"मग गप्प बसायचं होतंस!" पंचशीला ओरडली. "त्या जितेंद्रसारखं. कुबडी म्हणालास तू दादा. माझ्या कॉलेजात रोज ऐकते मी तो शब्द. आता भावाकडून पण ऐकायचा?"

"हळू बोल," वैजयंता म्हणाली. "खिडकी उघडी आहे."

"बघ, मम्मी, हेच! आत्ता पण तुला खिडकीच दिसते."

"हो, दिसते!" वैजयंताचा आवाज एकदम चढला. "तू हॉस्टेलात राहतेस. भाऊजी गावात, आपल्या माणसांत राहतात. मला इथे राहायचंय. पाणी नसलं की याच लोकांच्या दारात बादली घेऊन जायचंय. माझ्या पोराने जरा नाव काढलं तर तुम्हाला सगळ्यांना टोचतंय."

राघोने पिशवीचे बंद आवळले. तो केरबाकडे बघत होता. केरबाला वाटलं, आता हा बोलेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आण्णा," राघो म्हणाला, "पोरगं लहान हाय. त्याला म्या काय बोलू. तू टाळ्या वाजवायलास तवा मला तुझ्याकडं बघवलं न्हाई."

"सगळेच वाजवत होते," केरबा म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला स्वतःची शिसारी आली.

राघोने पिशवी उचलली. पंचशीला त्याला सोडायला म्हणून गेली ती रात्री परत आली नाही. बबनकाकांकडेच राहते, असा तिने आईला फोन केला. बापाशी बोलायचंय का असं वैजयंताने विचारल्यावर तिने फोन ठेवला.

रविवारी सकाळी दहाला मतदान होतं. केरबा लवकर उठून खाली गेला. गुणवंतभाई रोजच्यासारखे कंपाउंडमध्ये फेऱ्या मारत होते. केरबाने रात्रभर मनाशी वाक्यं जुळवली होती. आपण कोण ते याला सांगून टाकायचं. पुढे जे व्हायचं ते होऊ दे.

"गुणवंतभाई, एक बात बोलनी थी. कल लड़का जो बोला... वो सच नहीं था. हम लोग..."  एवढ्या वर्षांत त्याने ते वाक्य कधी पुरं म्हटलेलं नव्हतं. "हम लोग बौद्ध हैं. मेरी नौकरी..."

गुणवंतभाई थांबले. त्यांनी केरबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"केरबाभाई, टेन्शन नको. अपने को तो पहले से मालूम छे."

केरबाला काही समजलं नाही. "क्या मालूम?"

"अरे, सबको मालूम है. आप आए उसी साल भाभी बीमार थी, हंसा अंदर देखने गई थी, फोटो देखा. कोई कुछ बोला क्या आपको? आप लोग शरीफ आदमी हो. कभी नीला झंडा नहीं, आवाज नहीं." ते हसले. अगदी मनापासून, मायेने हसले. "और इसीलिए तो सनी को खड़ा किया ना. यही बात मैं बोलूँगा तो लोग बोलेंगे, ये तो बोलेगा ही. आपके घर का लड़का बोले तो वजन पड़ता है. अगले साल वार्ड में भी काम आएगा. लंबा जाएगा लड़का."

केरबा मान हलवत राहिला. "हां, हां," असंही बहुधा म्हणाला. मग जिना चढून वर आला. प्रत्येक मजल्यावर बंद दारं होती आणि त्यांवरच्या पाट्यांवर ओळखीची नावं होती. या दारांतून दिवाळीला फराळाची ताटं आली होती. वैजयंताने मोजूनमापून बोललेलं प्रत्येक वाक्य, पोरांना दिलेली प्रत्येक तंबी, राघोला जिन्याने चालायला लावणं, हे सगळं ज्यांच्यापासून लपवायचं म्हणून केलं त्यांना पहिल्या सालापासून ठाऊक होतं. ते बघत होते. यांना लपताना बघत होते आणि शहाण्यासारखे गप्प बसले होते.

संघर्ष आरशासमोर दाढी करत होता. केरबा मोरीच्या दाराशी उभा राहिला आणि त्याने खाली घडलेलं सगळं सांगितलं. काही न गाळता सांगितलं. पोरगा हादरेल, चिडेल, अशी त्याची कल्पना होती. संघर्षने नळ बंद केला.

"मला माहिती होतं, पप्पा."

"काय माहिती होतं?"

"त्यांना माहितीये ते. मला उभं राहायला सांगितलं तेव्हाच बोलले होते ते. 'तुम बोलोगे तो असर पड़ेगा.' मी काय एवढा बावळट आहे का, न कळायला?"

"आणि तरी बोललास?"

संघर्ष आरशातच बघत राहिला. गालावर अर्धा फेस तसाच होता. "ऑफिसात पण सगळ्यांना माहितीये. कॉलेजात पण होतं. कुणी तोंडावर बोलत नाही एवढंच. मला वाटलं, लपवून काही होत नाही, तर निदान त्याचा काहीतरी उपयोग तरी होऊ दे. त्यांना माझ्याकडून तेच ऐकायचं होतं. मी ऐकवलं."  "बोलताना काही वाटलं नाही. काका उठून गेले तेव्हा वाटलं."

केरबाला पोराच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं आणि त्याच क्षणी पोराला पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्हीतलं काही झालं नाही. आपण जे भीतीने केलं ते याने डोळे उघडे ठेवून केलं, आणि करायला शिकला तो आपल्याच घरात, हे त्याला इतकं लख्ख दिसलं की तो तिथून बाजूला झाला.

"नाव मागे घे," जाताना म्हणाला.

"आता? काय सांगू?"



दहा वाजता पार्किंगमध्ये पुन्हा खुर्च्या मांडल्या गेल्या. फ्लॅट बापलेकाच्या नावावर होता, पण मत पहिल्या नावाचं, म्हणजे केरबाचं. चिठ्ठ्यांचा घोळ नको म्हणून हात वर करून मतदान करायचं ठरलं. जितेंद्रसाठी ए-विंगच्या माणसांनी हात वर केले. मग गुणवंतभाई म्हणाले, "अब सनी के लिए," आणि हातांचं जंगल उभं राहिलं. ते बोटाने मोजत मोजत मागच्या रांगेपर्यंत आले.

"केरबाभाई? हाथ?"

केरबाचे हात मांडीवर होते. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "बाप भी सोच के वोट देता है, भाई!"

केरबा उभा राहिला. त्याने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"मेरा वोट मत गिनो," तो म्हणाला. "लड़का कल गलत बोला. मेरी नौकरी रिज़र्व सीट पे लगी. उसका कॉलेज भी. मेरी लड़की डॉक्टर बनेगी, वो भी. कल जो मेहमान मेरे बाजू में बैठा था वो मेरा सगा भाई है. हम वाव्हळे हैं. कल मैंने ताली बजाई, वो... वो मेरे को शोभा नहीं दिया."

आणखी बरंच बोलायचं होतं. पण तो मटकन खाली बसला.

 पार्किंगमध्ये धक्का कुणाला बसलेला दिसला नाही. माणसं आपापल्या पायांकडे बघत होती. भर चौकात कुणाचं धोतर सुटावं आणि बघणाऱ्यांनीच ओशाळावं, तशी. हंसाबेनने पदर सारखा केला. गुणवंतभाई खाकरले. "अच्छा, अच्छा. वो सब घर की बात है, केरबाभाई. एक कम गिन लेते हैं." आणि त्यांनी पुढचे हात मोजले. संघर्ष सेक्रेटरी म्हणून निवडून आला. लोकांनी त्याचा हात हातात घेऊन घाईघाईने अभिनंदन केलं आणि रविवारची कामं आठवल्यासारखे सगळे पांगले. फक्त जितेंद्र जाताना केरबापाशी थांबला. त्याच्याकडे बघून मान हलवली आणि गेला.

केरबाला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. एवढी वर्षं जे बोललो नाही ते बोलायला पोराला चारचौघांत खोटं पाडावं लागलं, हे मनातून जाईना.

घरी वैजयंता वाटच बघत होती. "झालं?"

"निवडून आला."

ती सवयीने साखरेचा डबा घ्यायला वळली, आणि मागून येणाऱ्या पोराचा चेहरा बघून तशीच थांबली. तिच्या कानावर खालचं सगळं खिडकीतून आलं होतं. तिने डबा परत फळीवर ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुम्ही हात वर केला असता ना, पप्पा," संघर्ष म्हणाला, "तर मला आज घरी तोंड दाखवता आलं नसतं."

 खाली कुणीतरी खुर्च्या एकात एक घालत होतं, त्याचा आवाज येत राहिला. तो थांबल्यावर संघर्षने विचारलं, "काकांची गाडी संध्याकाळची आहे ना?"

"हो."

"मी येऊ का सोडायला?"

"मला नको विचारू," केरबा म्हणाला. "तिथं चल, आणि त्याला विचार. पंचीला पण विचार. नको म्हणाले तर गाडी सुटेपर्यंत लांब उभा राहा. मीही राहीन."

वैजयंताने दाराशी जाऊन चपला घातल्या. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. काशीगावला जाऊन काय बोलायचं ते तिघांपैकी एकालाही सुचलेलं नव्हतं. ते तसेच खाली उतरले आणि रिक्षा शोधू लागले.